अर्ध्या अंतरावरून

१९३७ साली मुंबईत एका फारसी कादंबरीच्या सुमारे ५० प्रती निघाल्या. त्या छापखान्यात छापल्या नव्हत्या. लेखकाने सगळा मजकूर हाताने लिहिला आणि त्याच्या यंत्रावर नकला काढल्या. वर एक सूचनाही टाकली: इराणमध्ये प्रकाशन आणि विक्रीसाठी नाही. लेखकाचं नाव सादिक हिदायत आणि कादंबरी 'बूफ-ए-कूर', म्हणजे 'आंधळं घुबड'. आज आधुनिक फारसीतली सगळ्यात गाजलेली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती पहिल्यांदा वाचकांच्या हातात आली ती आपल्या मुंबईतून.

हिदायत काही बन-मस्का विकायला आला नव्हता. इराणी हॉटेलवाल्यांची गोष्ट वेगळी. ते बहुतेक यझ्द आणि किरमानकडचे झरथुष्ट्री, गरिबी आणि छळ मागे टाकून इथे आलेले. हिदायत तेहरानच्या बड्या घराण्यातला. मुंबईत तो बहरामगोर अंकलेसरिया या पारशी पंडितांकडे पहलवी भाषा शिकला. तेव्हा इराणमध्ये रझा शाहची सत्ता होती. लोकांनी कोणती टोपी घालायची हेही सरकार ठरवत होतं. १९३६च्या जानेवारीत बायकांच्या बुरख्यावर बंदी आली आणि पोलीस भर रस्त्यात चादरी ओढून काढू लागले. (पुढे १९७९ नंतर दुसरं सरकार आलं आणि त्याने तोच पदर सक्तीने डोक्यावर घ्यायला लावला. कापड तेच, पोलीस तेच, हुकूम तेवढा उलटा.) अशा देशात ते घुबड छापणं शक्य नव्हतं. १९४१ साली रझा शाहला गादी सोडावी लागली, आणि मगच ते तेहरानमध्ये वाचायला मिळालं.

इराणच्या गेल्या दीडशे वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. फारसीतलं मोकळं वाक्य आधी देशाबाहेर लिहिलं जातं आणि मग चोरवाटेने घरी पोहोचतं. बाहेरच्या इराण्यांबद्दल आपण वाचतो ते बहुतेक मोर्चे, झेंडे आणि टीव्हीवरच्या भांडणांबद्दल. त्यामागचा हिशोब मला जास्त महत्त्वाचा वाटतो: वाक्य बाहेरचं, वसुली आतली.

सुरुवात १८७६ची. इस्तंबूलमध्ये 'अख्तर' नावाचं फारसी वर्तमानपत्र निघालं. १८९० साली लंडनमधून 'कानून' सुरू झालं. त्याचा संपादक मिर्झा मल्कम खान हा आधी शाहचाच लंडनमधला राजदूत होता. लॉटरीच्या परवान्याच्या भानगडीत नोकरी गेली आणि मग त्याला कायद्याच्या राज्याची आठवण झाली. हेतू काहीही असो, शाहने 'कानून'वर बंदी घातली आणि लोक ते लपवून वाचत राहिले. १८९३ साली कलकत्त्यातून 'हब्लुल मतीन' निघालं आणि ते जवळजवळ चार दशकं टिकलं. १९०६च्या इराणी घटनाक्रांतीआधी लोकांचं मन तयार करण्यात या साप्ताहिकाचा मोठा वाटा मानतात. इंग्रजांच्या कलकत्त्यात बसून शाहवर टीका करता येत होती. इंग्रजांवर करण्याची मुभा अर्थातच तेवढी नव्हती.

वसुलीही तेव्हाच सुरू झाली. 'अख्तर'मध्ये लिहिणारा मिर्झा आका खान किरमानी इस्तंबूलमध्ये राहत होता. १८९६ साली तेहरानजवळ शाहचा खून झाला. ऑटोमन सरकारने किरमानीला आणि त्याच्या दोन साथीदारांना आधीच पकडलेलं होतं. त्या तिघांना इराणच्या हवाली केलं गेलं आणि तबरीझमध्ये त्यांचे गळे कापले गेले. हे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे याची जुळी बहीण भेटणार आहे.

मधला सत्तरचा काळ तुम्हाला थोडाफार माहीत असेल. खोमेनी इराकमधल्या नजफला हद्दपारीत होते. १९७८च्या ऑक्टोबरात ते पॅरिसजवळच्या एका खेड्यात गेले. त्यांची भाषणं फोनवरून तेहरानला जायची, तिकडे टेपवर उतरवली जायची, आणि मग कॅसेटवरून कॅसेट बनत बाजारभर पसरायची. फॉरवर्ड करायला बटण नव्हतं, तरी काम तेच. म्हणजे आजच्या इराणचं सरकारच मुळात बाहेरून बोलणाऱ्या माणसाने आणलेलं आहे. बाहेरच्या आवाजाची ताकद काय असते हे या राज्यकर्त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही, आणि म्हणूनच ते त्याला इतके घाबरतात असं माझं मत आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. तो थोडा तांत्रिक आहे, पण सांभाळून घ्या.

१९९७ साली खातमी राष्ट्राध्यक्ष झाले आणि तेहरानमध्ये नवनवी वर्तमानपत्रं निघाली. २०००च्या एप्रिलमध्ये न्यायालयांनी काही दिवसांत डझनाहून जास्त वर्तमानपत्रं बंद केली. अशाच बंद पडलेल्या एका दैनिकात इंटरनेटवर सदर लिहिणारा होसेन देरख्शान नावाचा पंचविशीतला पोरगा वर्षाअखेरीस टोरंटोला गेला. २००१च्या सप्टेंबरात त्याने फारसीत ब्लॉग सुरू केला. त्याच्या थोडं आधी, ७ सप्टेंबरला, सलमान जरीरी या तरुणाने फारसीतला पहिला ब्लॉग लिहिला होता. देरख्शानच्या ब्लॉगचं नाव होतं 'सरदबीर: खोदम', म्हणजे 'संपादक: मी स्वतः'. आपल्याला ही फारसी अनोळखी नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले डबीर तेच हे दबीर, आणि 'खोद' म्हणजे आपलं 'खुद्द'.

अडचण अशी होती की तेव्हा संगणकावर फारसी लिहिणं ही एक शिक्षाच होती. मराठीत कृतिदेव आणि शिवाजी फॉन्टचे दिवस ज्यांनी काढले त्यांना हे लगेच कळेल: फाइल दुसऱ्या मशिनवर उघडली की सगळी ठिगळं. फारसीची आणखी एक पंचाईत होती. तिची लिपी अरबीवरून आलेली, पण प, च, झ्ह, ग ही चार अक्षरं तिची स्वतःची. शिवाय अरबी 'य' आणि फारसी 'य' शब्दाच्या मधोमध आले की दिसायला सारखे, पण संगणकासाठी दोन वेगळे आकडे. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याला शोधून सापडायचं नाही. युनिकोडमुळे हा गुंता सुटत होता. ५ नोव्हेंबर २००१ला देरख्शानने साध्या भाषेत एक पान लिहिलं: ब्लॉगर या इंग्रजी सेवेत युनिकोड वापरून फारसी ब्लॉग कसा काढायचा. एवढंच. राजकीय जाहीरनामा वगैरे काही नाही, निव्वळ सेटिंग्ज. काही महिन्यांत शेकडो, मग हजारो ब्लॉग निघाले. २००२ साली 'पर्शियनब्लॉग' ही फारसीतली मोफत सेवा सुरू झाली. २००७ साली 'टेक्नोराटी'च्या अहवालात ब्लॉगविश्वातल्या पहिल्या दहा भाषांत फारसी होती. लोक या जगाला गमतीने 'वेब्लॉगिस्तान' म्हणायचे.

युनिकोडमध्ये एक न दिसणारं अक्षर आहे. ते दोन अक्षरांना चिकटू देत नाही, पण त्यांच्यात पूर्ण जागाही सोडत नाही. फारसी क्रियापदांत ते पावलोपावली लागतं. फारसीत त्याला म्हणतात 'नीम-फासेले', अर्धं अंतर. नीमहकीममधला नीम, आणि फासला तर गझलेतून ओळखीचा. देवनागरीतही हे अक्षर चालतं. त्याच्या शेजारचा कोड वापरून आपण बरीच वर्षं डोंगरातल्या 'दऱ्या' लिहिल्या, नाहीतर त्यांचा 'दर्या' व्हायचा. (दर्या हाही शब्द फारसीच.) वेब्लॉगिस्तानचं वर्णन करायला मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही. टोरंटोतला इराणी आणि तेहरानमधली इराणी एकाच पानावर आले, पण पूर्ण जोडले गेले नाहीत. टोरंटोवाला खऱ्या नावाने लिहायचा. तेहरानवालीला टोपणनाव लागायचं.

आणि ती लिहायची काय? क्रांतीबद्दल फारच थोडं. प्रेमप्रकरणं, परीक्षा, टॅक्सीतल्या गप्पा, डोक्यावरच्या रुमालाचा वैताग. जिथे रोजचे कपडे आणि कोणासोबत फिरायचं हे सरकार ठरवतं, तिथे रोजनिशीच राजकीय होऊन बसते. गंमत म्हणजे सरकारी माणसंही मागे राहिली नाहीत. उपराष्ट्राध्यक्ष अबताही यांनी ब्लॉग काढला आणि २००६ साली खुद्द अहमदीनेजाद यांनीही. (अबताही पुढे २००९ साली तुरुंगात गेले आणि टीव्हीवरच्या सामूहिक खटल्यात कैद्याच्या कपड्यांत दिसले.)

२००३च्या एप्रिलमध्ये सीना मोतल्लबी या पत्रकाराला ब्लॉगवरच्या लिखाणासाठी अटक झाली. जगात या कारणासाठी अटक झालेल्या पहिल्या काही लोकांत तो धरला जातो. तेवीस दिवसांनी सुटल्यावर तो युरोपात गेला आणि आपल्यासोबत काय झालं ते सांगू लागला. मग २००४च्या सप्टेंबरात तेहरानमध्ये त्याच्या वडिलांना ताब्यात घेतलं गेलं. वडिलांचा ब्लॉग नव्हता. वसुली म्हणतो ती ही. २००९च्या मार्चमध्ये ओमिद रझा मीरसयाफी हा ब्लॉगर एविन तुरुंगात मेला. तो मुख्यतः संगीत आणि संस्कृतीवर लिहायचा.

देरख्शानचं पुढे काय झालं, ते कुठल्याच साच्यात बसत नाही. २००६ साली तो कॅनडाच्या पासपोर्टवर इस्रायलला गेला. तिथल्या लोकांना साधा इराणी माणूस आणि इराण्यांना साधा इस्रायली माणूस दाखवायचा असं त्याचं म्हणणं होतं. नंतर त्याचं मत फिरलं. तो अहमदीनेजादची आणि अणुकार्यक्रमाची बाजू घेऊ लागला, आणि परदेशातल्या इराण्यांवर इतके जहरी आरोप करू लागला की जुने मित्र तुटले. २००८ साली तो तेहरानला परतला आणि १ नोव्हेंबरला पकडला गेला. साडेएकोणीस वर्षांची शिक्षा झाली. सहा वर्षांनी, २०१४च्या नोव्हेंबरात माफी मिळाली. बाहेर येऊन पाहतो तर वेब बदललेलं. लिंक देणं मरून गेलं होतं आणि सगळे स्क्रोल करत बसले होते. त्यावर त्याने २०१५ साली लिहिलेला इंग्रजी निबंध जगभर वाचला गेला. आम्ही कॉलेजात असताना तो व्हॉट्सॲपवर फिरत होता, म्हणजे ज्याबद्दल तक्रार होती त्याच मार्गाने.

भिंत फक्त तेहरानच्या बाजूने आहे असं मात्र समजू नका. आतल्या माणसाला ब्लॉक झालेल्या साइट उघडायला व्हीपीएन लागतं, ज्याला ते 'फिल्टर-शेकन' म्हणजे फिल्टरफोड्या म्हणतात. पण फिल्टर फोडून बाहेर आला की समोर अमेरिकी निर्बंध उभे. २०१९च्या जुलैमध्ये गिटहबने इराणमधल्या डेव्हलपरांची खाजगी कोडपेटी बंद केली. दीड वर्षाने अमेरिकी परवाना मिळाल्यावर ती उघडली. आमच्या धंद्यात हे म्हणजे सुताराची हत्यारं उचलून नेण्यासारखं आहे. त्याआधी २०१८च्या डिसेंबरात स्लॅकने इराणशी संबंध आल्याच्या संशयावरून खाती बंद केली. त्यात कॅनडा-अमेरिकेत राहणारे, नुसते सुट्टीला घरी जाऊन आलेले लोकही होते. कंपनीने नंतर माफी मागितली. एक सरकार म्हणतं तू फार बाहेरचा, दुसरं म्हणतं तू फार तिकडचा.

गेल्या दहा वर्षांत वसुलीची पद्धत पक्की झाली. २०१७ साली इराणी न्यायालयाने बीबीसी पर्शियनच्या दीडशेहून जास्त आजी-माजी लोकांच्या इराणमधल्या मालमत्तेचे व्यवहार गोठवले. लंडनमध्ये बातम्या वाचणाऱ्या बाईला तेहरानमधलं वडिलोपार्जित घर विकता येईना. मसीह अलीनेजाद न्यूयॉर्कमधून सक्तीच्या हिजाबविरुद्ध मोहीम चालवते. २०१९ साली तिच्या भावाला इराणमध्ये अटक झाली आणि पुढे आठ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. २०१९ सालीच तेहरानच्या क्रांती न्यायालयाच्या प्रमुखाने जाहीर केलं की तिला व्हिडिओ पाठवणाऱ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पॅरिसमधून 'आमदन्यूज' हा टेलिग्राम चॅनल चालवणाऱ्या रुहुल्ला झमला २०१९च्या ऑक्टोबरात फसवून इराकला नेलं आणि तिथून उचललं. १२ डिसेंबर २०२०ला त्याला फाशी दिली. किरमानीनंतर १२४ वर्षांनी.

मग बाहेरच्यांनी गप्प बसावं का? हा वाद त्यांच्यातच चालू असतो, आणि तो खरा वाद आहे. काही म्हणतात, तुम्ही कॅलिफोर्नियात बसून आतल्या पोरांना रस्त्यावर उतरायला सांगता, गोळी त्यांना लागते. दुसरे म्हणतात, आम्ही बोललो नाही तर त्यांची नावंसुद्धा कोणाला कळणार नाहीत. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण एका अटीवर: बोलायचं ते आतल्यांच्या शब्दांत. २०२२च्या सप्टेंबरात महसा अमिनी पोलीस कोठडीत मेली, तेव्हा हे घडलं. 'बराये' हे गाणं इराणमधल्याच एका तरुण गायकाने लोकांच्या ट्वीट जोडून बनवलं आणि २२ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये सुमारे ८० हजार इराणी जमले. पण चार महिन्यांनी परदेशातल्या नेत्यांनी वॉशिंग्टनमध्ये एकजुटीची जी आघाडी काढली, ती उन्हाळा यायच्या आत फुटली. शाहचा मुलगा नेता की नाही, कुर्दांना काय मिळणार, यावर. आतल्यांनी जे मागितलं होतं त्यातलं यात फारसं काही नव्हतं.

२०२५च्या जूनमध्ये इस्रायल-इराण युद्ध १२ दिवस चाललं. त्यात काही दिवस इराणचं इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद होतं. व्हॉट्सॲप नाही, टेलिग्राम नाही. परदेशातल्या मुलांनी साधा फोन लावला, तर काहींना आईच्या नंबरवर एका बाईचा यांत्रिक आवाज ऐकू आला. इंग्रजीत. कोण बोलतंय, कोणाशी बोलायचं आहे, असं विचारणारा. काही वेळा त्यांनी उत्तर दिलं, आपलं नाव सांगितलं, आणि आवाज पुढचं वाक्य बोलला.