उपभोग-खर्च, कौटुंबिक : देशोदेशींची तुलना

घरात खाण्यापिण्यापासून कपडालत्ता, औषधपाणी, फ्रिज-पंख्यापर्यंत जे वापरले जाते त्याचा पैशातला हिशेब म्हणजे कौटुंबिक उपभोग-खर्च. तुलनेत एकूण रकमेहून अन्नाचा वाटा अधिक बोलका असतो. उत्पन्न वाढते तसा तो घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियन कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवले.

मुंबईत १९२१–२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांचे असेच जमाखर्च गोळा केले. खर्चाचा ५६.८ टक्के भाग अन्नावर जात होता. पण अहवाल गाजला तो दुसऱ्याच तुलनेमुळे : कामगाराच्या पोटात जाणारे अन्न तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळणाऱ्या शिध्यापेक्षाही कमी भरले होते!

२०२३–२४ च्या सरकारी उपभोग-खर्च पाहणीत भारतात अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ४७, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के होता. बांगलादेशात (२०२२) तो ४६ टक्क्यांच्या आसपास, तर अमेरिकेत (२०२३) जेमतेम १३. जपानसारख्या श्रीमंत देशात मात्र २०२४ मध्ये तो २८.३ टक्क्यांवर चढला. महागाईने एंगेलचा नियमही वाकतो.

रकमांची तुलना करताना चलनाचा प्रश्न येतो. २०२३–२४ च्या त्याच पाहणीत शहरी महाराष्ट्राचा दरडोई मासिक खर्च ७,३६३ रुपये होता. तेव्हाच्या बाजारातल्या विनिमयदराने हे नव्वद डॉलरही होत नव्हते. क्रयशक्तीच्या, म्हणजे तेवढ्या पैशांत इथे किती वस्तू येतात याच्या, हिशेबाने साडेतीनशेहून अधिक होत होते. अशा हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत १९७० च्या पहिल्या दहा देशांत होता.

आकडे जुळवताना खरी अडचण येते ती व्याख्यांची. उदाहरणार्थ, पनवेल महापालिकेच्या हद्दीत जुनी पेठ, सिडकोने वसवलेल्या खारघरसारख्या वसाहती आणि आगरी-कोळ्यांची गावे शेजारीशेजारी नांदतात. खारघरच्या भाडेकरूचे भाडे भारतीय पाहणीत खर्चात धरले जाते. त्याच मजल्यावरच्या फ्लॅटमालकाचा गृहकर्जाचा हप्ता धरला जात नाही. गावातल्या घरच्या शेतीचा तांदूळ मात्र किंमत लावून मोजतात. अमेरिकेच्या पाहणीत गृहकर्जाचे व्याज आणि घरपट्टीही खर्चात येते, त्यामुळे एकूण खर्च फुगून अन्नाचा वाटा आणखी लहान दिसतो. शिवाय आपल्याकडे भाजी, मासळी, तेल यांचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारतात, धान्याचा ३० दिवसांचा आणि कपडे किंवा फ्रिजचा ३६५ दिवसांचा. श्रावणात विचारले तर मासळीचा रकाना अनेक घरांत कोराच राहणार.