किल्ल्यातले चिमणीचे पिल्लू

अहमदनगरचा (२०२४ पासून अहिल्यानगर) भुईकोट किल्ला म्हटला की आम्हाला चाँदबीबी आठवते, पंडित नेहरूंचा ग्रंथ आठवतो. त्याच किल्ल्यात कैदेत असताना मौलाना अबुल कलाम आझादांनी १९४३ साली चिमण्यांची एक कहाणी लिहिली. ‘गुबार-ए-खातिर’ या पत्रसंग्रहात ती १९४६ मध्ये छापली गेली. लिहिली मोठ्यांसाठी, पण मुलांना वाचून दाखवावी अशीच आहे.

त्यात मोती नावाची चिमणी पिल्लाला उडायला शिकवते. पिल्लू मात्र डोळे मिटून, आपल्यातच हरवून बसते. मग एके दिवशी अचानक झेप घेते. मौलानांना त्यात स्वत्वाची जाग दिसली.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या अवस्थेला आज आपण ‘ऑटिझम’ किंवा स्वमग्नता म्हणतो, तिच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली. मौलानांचे पिल्लू स्वमग्न नव्हते. हा धागा आम्ही जोडतो आहोत. पण अशी मुले आपल्या मोहल्ल्यात तेव्हाही होती. कोणी त्यांना खुळे म्हणे, कोणी मजजूब समजून दुआ मागे. मूल म्हणून त्यांच्याकडे पाहणारे थोडेच.

साहित्यात ती उशिरा आली. मार्क हॅडन यांच्या २००३ च्या इंग्रजी कादंबरीतला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर कुमारांनी आणि मोठ्यांनीही आपलासा केला. २०१० च्या ‘माय नेम इज खान’ चित्रपटात मुंबईच्या मुसलमान घरातला रिझवान दिसला आणि आम्हाला आनंद झाला. परंतु ख्रिस्तोफर गणितात हुशार, रिझवान बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्यात वाकबगार. म्हणजे कथेत जागा हवी तर काही करामत दाखवावीच लागते! पिल्लू उडाले म्हणूनच कहाणी झाली.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते स्पष्ट घातले. कायद्याने करामतीची अट घातली नाही. मग आम्ही लिहिणाऱ्यांनी ती का घालावी? आमच्याकडे येणाऱ्या आईला आम्हीही सहज सांगून जातो, “बोलेल एक दिवस, इन्शाअल्लाह.” दुआ चांगलीच आहे. पण तो बोलला नाही तर? जे पिल्लू उडणारच नाही, त्याचीही गोष्ट आमच्या मुलांना वाचायला मिळाली पाहिजे. ती लिहिणे आमच्याकडे बाकी आहे.