विजेचं बिल आणि देव

शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंगचे सर्व्हर बंद करायचं काम माझ्याकडे आहे. शनिवार-रविवार चालू राहिले तर क्लाउडचं बिल फुगतं. एक कमांड, एंटर, संपलं. स्तानिस्वाव लेम या पोलिश लेखकाची ‘नॉन सर्वियम’ ही गोष्ट वाचल्यापासून मात्र एंटरवर बोट क्षणभर अडतं.

लेमचा जन्म १९२१चा, ल्वूवमधल्या ज्यू घरातला. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज ते युक्रेनमधलं ल्विव आहे. १९४१मध्ये तिथे जर्मन फौजा आल्या. लेम खोटी कागदपत्रं जवळ बाळगून एका जर्मन कंपनीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक आणि वेल्डर म्हणून राबला. आईवडील वाचले, पण बरेच नातलग मारले गेले. १९६८च्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कादंबरीत एक माणूस तुरुंगाच्या आवारात गोळी लागण्याची वाट बघत उभा असतो. तो प्रसंग आपलाच, हे लेमनं पुढे आपल्या अनुवादकाला पत्रातून कळवलं.

असा माणूस देवाबद्दल काय लिहील? १९६१च्या ‘सोलारिस’मध्ये त्यानं अपूर्ण देवाची कल्पना मांडली: आपल्या करणीचे परिणाम आधी न कळणारा, चुकणारा देव. दहा वर्षांनी ‘नॉन सर्वियम’ आली. नावाचा अर्थ ‘मी सेवा करणार नाही’. ख्रिस्ती परंपरेत हे सैतानाचे शब्द मानले जातात.

गोष्टीतला प्राध्यापक डॉब कम्प्युटरमध्ये जाणीव असलेले जीव घडवतो. बाहेरचं जग त्यांना ठाऊक नाही. पिढ्या उलटतात आणि त्यांच्यात वाद सुरू होतो: आपल्याला कुणी निर्माण केलं का? एक जण म्हणतो, केलंही असेल. पण त्यानं पक्का पुरावा दिलेला नाही, मग विश्वास न ठेवणाऱ्याला शिक्षा करण्याचा हक्क त्याला कुठला? आपण एकमेकांशी नीट वागावं, ते एकमेकांसाठी.

डॉब सगळं ऐकतो आणि गप्प राहतो. त्यांच्याकडून पूजा मागायची त्याला लाज वाटते. विजेची बिलं येत असतात. कधीतरी विद्यापीठ प्रयोग गुंडाळायला सांगणार, म्हणजे त्या जगाचा अंत. तो दिवस होईल तितका लांबवणं एवढंच त्याच्या हातात आहे, आणि त्यात त्याला काही मोठेपणा वाटत नाही.

इथे मला माझी आजी आठवली. शेवटच्या दुखण्यात ती विचारायची, “मी असं काय केलं होतं रे?” घरातले मागच्या जन्माकडे बोट दाखवायचे. म्हणजे दुखणं तिचं आणि गुन्हेगारही तीच. मी इंजिनियर, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नुसते पाय चेपत बसायचो.

लेम नास्तिक होता, तेही नैतिक कारणांसाठी, असं तो सांगायचा. देव आहे की नाही याचा निकाल ही गोष्ट लावत नाही. ती फक्त पिंजऱ्यातला आरोपी बदलते. सोसणाऱ्याला खाली उतरवते आणि घडवणाऱ्याला उभं करते. आजीला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं: “तू काही केलं नव्हतंस गं.”