पुसलेली राणी

ओरहान पामुक या तुर्की लेखकाची १९९८ साली निघालेली एक कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘माझे नाव लाल’ असा होतो. काळ १५९१ चा, गाव इस्तंबूल. सुलतानाच्या पदरच्या एका चित्रकाराचा खून होतो, आणि खुनी शोधता शोधता वाद येऊन ठेपतो तो चित्रकलेवर. माणूस डोळ्यांना दिसतो तसा रंगविणे धर्माला धरून आहे की नाही? ती वाचताना मला सारखी आठवत होती ती आपल्या पुण्यातली एक पोथी. तीत खून नाही; पण कुणीतरी पुसून टाकलेली एक राणी आहे.

पोथीचे नाव ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. ती भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेली आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरचा सुलतान हुसेन निजामशहा याची कीर्ती तीत फारसी पद्यात गाइली आहे. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा रामराय पडला, त्या विजयाचे हे गुणगान. (आपल्या वर्धा नदीपलीकडच्या वऱ्हाडची इमादशाही त्या लढाईत सामील नव्हती.) कवीने राणी खुंजा हुमायून हिच्या रूपाचीही स्तुती केली आणि चित्रकाराने तिला राजाजवळ सिंहासनावर बसविली. पडद्यातल्या राणीला असे उघड रंगविणे ही त्या काळी मोठीच धिटाई म्हणायची.

आता मौज पाहा. बहुतेक चित्रांत राणीच्या जागी नुसता रंगाचा डाग आहे. राजा जागच्या जागी आहे, सिंहासन आहे, भोवती दासी उभ्या आहेत. राणी तेवढी नाही.

कुणी म्हणेल, धर्मवेड्याचे काम. माणसांची चित्रे काढणाऱ्यांना हदीसमध्ये दोष दिला आहे हे खरे, आणि मशिदीत चित्रे नसतात हेही खरे. परंतु दरबारची गोष्ट निराळी. इराण, तुर्कस्तान, दिल्ली, विजापूर, सगळीकडे सुलतानांनी चित्रकार पोसले. शिवाय चित्रच नको असते तर राजा का ठेवला? बाईचे तोंड दिसू नये म्हणावे, तर दासींची तोंडे कशी राहिली? ज्याने हात चालविला त्याला चित्र नको नव्हते, बाई नको नव्हती; ही एक बाई नको होती.

इथे तारखा बोलतात. हुसेन १५६५ मध्येच वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणीच्या हाती आला. पुढे मुलगा जाणता झाला, आईच्या कारभाराविरुद्ध कुरबुर वाढली, आणि १५६९ मध्ये मुर्तजाने आईला कैद केले. ज्या राणीला गादीजवळून उठविले, तिला पोथीतल्या गादीवर तरी कोण बसू देणार? पुसणाऱ्याचा हात सापडत नाही. पण माझा संशय देवघरापेक्षा दिवाणखान्यावर अधिक आहे. ह्याच मुर्तजाने १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकला. आणि १५९६ मध्ये तोच वऱ्हाड मोगलांना देऊन अहमदनगर वाचविणारी चांदबिबी ही याच पुसलेल्या राणीची लेक.

शिक्षक मंडळींनी एक चित्र मुलांना अवश्य सांगावे. स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो, ही आपली जुनी दोहदाची कल्पना. बौद्ध स्तूपांवर आणि देवळांच्या खांबांवर ती कोरलेली दिसते. तीच या फारसी पोथीत उतरली आहे. सुलतानाची राणी झाडाला हात लावते आहे आणि झाड फुलले आहे. एवढ्या चित्रातली राणी मात्र शाबूत राहिली. पुसणाऱ्याला बहुधा ती राणी वाटलीच नसावी. झाडाखालची कुणी यक्षिणी समजून त्याने पान उलटले असेल.