पुनर्वापराचे रेशमी सूत

रेशमी साड्या विणताना मागावर उरणारे धाग्यांचे तुकडे, इतर टाकाऊ रेशीम आणि काही वेळा जुन्या साड्यांचे धागे पिंजून कातलेले सूत. भारतात व नेपाळमध्ये ते बरेचसे हाताने, मुख्यतः स्त्रिया कातत असल्या, तरी गिऱ्हाईक प्रामुख्याने अमेरिका-युरोपातले. बाजारात त्याला ‘साडी सिल्क’ म्हणतात. साड्या फाडून केलेल्या पट्ट्यांची लडीही याच नावाने विकली जाते, पण तो वेगळा प्रकार.

कोशातून उलगडलेला रेशमाचा तंतू शेकडो मीटर अखंड असतो. टाकाऊ रेशमात त्याचे आखूड तुकडेच हाती येतात आणि ते सुटू नयेत म्हणून सुताला भरपूर पीळ द्यावा लागतो. हे सूत बहुधा एकपदरी असल्याने त्या पिळाला तोल देणारा दुसरा पदर नसतो. म्हणून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणले की कापड तिरके जाते. दोन्ही बाजूंनी सुलट किंवा साबुदाणा विणीत हा ओढा बराच कमी होतो. विणण्यापूर्वी लडी भिजवून, खाली हलके वजन टांगून वाळवली तर पीळ बसतो; हा एक दिवस वाचवू नये. सूत कुठे जाड, कुठे बारीक असते, तेव्हा नाजूक जाळीची नक्षी त्यात हरवते. ५ ते ६ मिमीच्या सुया आणि साधी वीण घ्यावी. किरमिजी, मोरपंखी, हळदी असे रंग आगाऊ ठरवून कोणी शेजारी मांडले नसते, आणि या सुताचे खरे सौंदर्य तेच आहे. दोन लड्या दर दोन ओळींनी आलटून-पालटून घेतल्या की रंगांचे पट्टे पडत नाहीत.

लोकरीची लवचिकता रेशमात नसते. मनगटाची १ सुलट-१ उलट पट्टी सैलावते, जड स्वेटर लांबतो. शाल, मफलर, पिशवी, उशीचा अभ्रा यांसाठी हे सूत उत्तम.

रंग जातो, विशेषतः लाल. म्हणून लडी पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात खळबळावी. व्हिनेगरने सगळे रंग पक्के होतात, ही समजूत चुकीची आहे. धुण्यासाठी रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण चालतो. सोडा आणि क्लोरीनचे ब्लीच रेशमाच्या प्रथिनाला इजा करतात. ओले रेशीम कमकुवत असते. ते पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावे आणि सावलीत सपाट वाळवावे. विणलेला कपडा हँगरला न लावता घडी घालून ठेवावा.