स्पंद-संपीडन (अतिशक्तिशाली लेसर)

लेसरच्या प्रकाशस्पंदाचा कालावधी अतिशय आखूड करून त्याची शिखरशक्ती वाढवण्याची क्रिया. शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले वेळ. ऊर्जा वाढवत नेणे खर्चाचे असते आणि एका टप्प्यानंतर अशक्यच होते, म्हणून वेळ कमी केला जातो. किलोभर साखरेची पिशवी जमिनीवरून अडीच मीटर उचलायला सुमारे २५ ज्यूल ऊर्जा लागते. तेवढीच ऊर्जा २५ फेम्टोसेकंदांत बाहेर पडली, तर शक्ती १ पेटावॉट, म्हणजे दहा लाख गिगावॉट भरते. भारतातील सर्व वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या हजारपटीहून ती अधिक आहे. एक फेम्टोसेकंद म्हणजे अब्जांश सेकंदाचा दशलक्षांश. २५ फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम साडेसात मायक्रोमीटर पुढे सरकतो.

आखूड स्पंद थेट वर्धकात (प्रकाशाची ऊर्जा वाढवणाऱ्या भागात) सोडला, तर तीव्र प्रकाशामुळे वर्धकातील स्फटिकाचा अपवर्तनांक बदलतो, शलाका आपोआप एका बिंदूकडे आवळली जाते आणि स्फटिक जळतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात झेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५मध्ये यावर मार्ग काढला. स्पंद आधी ताणायचा, ताणलेल्या अवस्थेत त्याचे वर्धन करायचे आणि शेवटी तो दाबायचा. त्यांनी सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून स्पंद ताणला, काचेच्या वर्धकातून नेला आणि जालकांच्या (बारीक समांतर रेघा आखलेल्या पृष्ठांच्या) जोडीने सुमारे २ पिकोसेकंदांपर्यंत दाबला. या पद्धतीला ‘चर्प्ड स्पंदवर्धन’ म्हणतात. २०१८चे भौतिकीचे अर्धे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. उरलेले अर्धे आर्थर अ‍ॅश्किन यांना, वेगळ्या कामासाठी. रडारमध्ये दीर्घ स्पंद पाठवून परतल्यावर दाबण्याचे तंत्र त्यापूर्वीच रूढ होते, तेव्हा या दोघांचे श्रेय लेसरपुरते मानणे योग्य.

ताणणे, वाढवणे आणि दाबणे या साखळीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत नाजूक भाग स्पंद दाबणाऱ्या संपीडकाचा. आखूड स्पंदात एकच रंग नसतो, तरंगलांबींचा रुंद पट्टा असतो. ताणलेल्या स्पंदात तांबड्या बाजूच्या लहरी पुढे आणि निळ्या बाजूच्या मागे राहतात. एडमंड ट्रीसी यांनी १९६९मध्ये मांडलेल्या रचनेत दोन विवर्तन जालके समांतर ठेवतात. मोठ्या तरंगलांबीचा प्रकाश जालकावरून अधिक वळतो व लांबची वाट घेतो; मागचा निळा त्याला गाठतो आणि सगळे रंग एकाच क्षणी बाहेर पडतात. ८०० नॅनोमीटरच्या टायटॅनियम-नीलम लेसरसाठी मिलिमीटरला १,४८० रेघांची, सोन्याचा मुलामा दिलेली जालके सर्रास वापरली जातात. स्पंद जालकावर चार वेळा पडतो. प्रत्येक वेळी ९० टक्के प्रकाश पुढे गेला, तरी शेवटी ६५ टक्क्यांच्या आसपासच उरतो. सोन्याचा थर मोठा मारा सोसत नाही. चौरस सेंटिमीटरला एक दशांश ज्यूल एवढीच मर्यादा पाळली, तर ४० ज्यूलच्या शलाकेला ४०० चौरस सेंटिमीटर जागा लागते आणि जालक त्याहून मोठे घ्यावे लागते. पेटावॉट लेसरची मर्यादा ठरते ती इथे. दाबलेला स्पंद हवेतून गेला तरी बिघडतो, म्हणून संपीडक निर्वात कक्षात बसवतात. जालकांचा कोन किंचित चुकला, तरी स्पंद पुरता आखूड होत नाही.

वैद्यकीय उपयोग: डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत कमी ऊर्जेचे फेम्टोसेकंद लेसर वापरतात.

महाराष्ट्रात अतिशक्तिशाली लेसर-स्पंदांवरील संशोधनाचे मुख्य ठिकाण म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. तेथील जी. रवींद्र कुमार (इन्फोसिस पारितोषिक, २०१५) यांच्या गटाने दाबलेले स्पंद घन लक्ष्यावर सोडून क्षणभर टिकणाऱ्या तप्त प्लाझ्माचा अभ्यास केला. प्लाझ्मात उमटणारी प्रचंड चुंबकीय क्षेत्रे त्यांनी मोजली. ती क्षेत्रे खळाळत्या प्रवाहासारखी अस्ताव्यस्त वागतात, हे २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले. खगोलीय प्लाझ्मातील घडामोडी टेबलावर तपासण्याची ही वाट फार मोलाची आहे. याच संस्थेतील एम. कृष्णमूर्ती व सहकाऱ्यांनी लक्ष्यावर जिवाणूंचा थर देऊन क्ष-किरणांचे उत्सर्जन वाढवले. असे प्रयोग यशस्वी होण्यासाठी मुख्य स्पंदाच्या आधी येणारा क्षीण प्रकाश दाबून ठेवावा लागतो. नाहीतर लक्ष्य आधीच उद्ध्वस्त होते. देशातील मोठी यंत्रणा इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (आरआरकॅट) आहे. तेथे १५० टेरावॉटचा व त्यानंतर १ पेटावॉटचा, २५ फेम्टोसेकंदांचा लेसर आला. दिलीप भवाळकर या केंद्राचे संस्थापक-संचालक होत.

जगातला पहिला पेटावॉट स्पंद १९९६मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत मिळाला. रुमानियातील मागुरेले येथे १० पेटावॉटच्या दोन शलाका आहेत. विक्रमाचे आकडे वाचताना सावध राहावे. ऊर्जा पूर्ण शक्तीवर मोजलेली आणि स्पंदाचा कालावधी क्षीण केलेल्या शलाकेवर मोजलेला, असे बरेचदा असते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात उभारण्यात येणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेत लेसर असेल, पण संपीडन नसेल. तेथील लेसर अखंड तळपणारा असेल. त्याची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये आरशांच्या साहाय्याने प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवून शक्ती साठवली जाईल. अमेरिकेतील लायगोसाठी ठरवलेले लक्ष्य भुजेत सुमारे ७५० किलोवॉटचे आहे. इथे शक्तीपेक्षा स्थैर्य मोलाचे. स्पंद आखूड केला, की त्याचा रंगपट्टा रुंदावतो, तर गुरुत्वीय तरंग टिपायला एकच शुद्ध तरंगलांबी हवी असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि आरआरकॅट या संस्था सहभागी आहेत. लेसर व प्रकाशीय यंत्रणेची जबाबदारी आरआरकॅटकडे आहे.