अमरावतीचा आखाडा आणि बर्लिनचे मैदान

अमेरिकेत विद्यापीठाचा फुटबॉल म्हणजे गावचा उत्सवच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत पहिला सामना झाला आणि पुढे अंगाला अंग भिडवणारा हा खेळ तिथल्या विद्यापीठांची ओळख बनला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याचा प्रदर्शनीय सामना झाला, तोही विद्यापीठांतल्या खेळाडूंचा. नातवंडे तिकडे शिकायला गेल्यामुळे आता आपल्या घरांतही या खेळाच्या गप्पा होतात. मात्र त्यानंतर चारच वर्षांनी, १९३६ साली, बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या तरुणांनी आपले देशी खेळ जगापुढे मांडले, याची आठवण क्वचितच निघते.

अमरावती आपल्याला परकी नाही. मध्ये मेळघाटचे डोंगर असले तरी जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात बुऱ्हाणपूर आणि अमरावती एकाच छत्राखाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिले. सीमा बदलली, सोयरीक तुटली नाही. म्हणूनच तिथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची कथा आपलीही आहे.

अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी १९१४ साली या कार्याची मुहूर्तमेढ रोवली. पारतंत्र्याच्या त्या काळात आखाडा ही केवळ दंड-बैठकांची जागा नव्हती. शरीर कमवावे, शिस्त अंगी बाणवावी आणि ते बळ देशाच्या कामी लावावे, हा त्यामागचा विचार होता. हुतात्मा राजगुरू यांनीही इथे व्यायामाचे धडे घेतले होते.

बर्लिनला या मंडळाच्या पथकाने मल्लखांब आणि कबड्डी, म्हणजे आपला हुतूतू, करून दाखवला. तिथे पदक मिळायचे नव्हते. पण ज्या खेळांना शिकलेली मंडळी ‘पोरांचे खेळ’ म्हणून हसत, ते परदेशी प्रेक्षकांपुढे ताठ मानेने उभे राहिले. गुलाम देशाच्या तरुणांसाठी हे थोडेथोडके नव्हते.

खेळाला नियम लागतात, तसे त्याला शिक्षणात स्थानही लागते. हुतूतूला लिखित नियम देण्याचे काम पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचे हिंदविजय जिमखाना यांनी केले. १९६१ साली कबड्डी विद्यापीठीय क्रीडा स्पर्धांत आली. अमरावतीच्या मंडळाने १९६७ साली शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले आणि आखाड्यातली विद्या पदवीच्या अभ्यासक्रमात बसली. उस्ताद-शागीर्द परंपरेला शरीरशास्त्राची आणि प्रशिक्षणशास्त्राची जोड मिळाली. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. बर्लिनच्या प्रदर्शनापासून तिथवर पोहोचायला ५४ वर्षे लागली.

अमेरिकन फुटबॉलला शिरस्त्राण लागते, खांद्यांची जाड गादी लागते, हजारो प्रेक्षकांचे स्टेडियम लागते. कबड्डीला मोकळी जागा, दोन्हीकडे सात-सात गडी आणि छातीत दम एवढेच पुरते. पैशाची वाण असलेल्या समाजातही हा खेळ टिकला, तो या साधेपणामुळे. आज मात्र नेमकी ती मोकळी जागाच शहरांतून आटत चालली आहे, आणि मुलांची संध्याकाळ शिकवणी व मोबाइल यांनी वाटून घेतली आहे.

मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्य-खेळाचा मान दिला. पेशवेकाळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेली ही विद्या आपल्याच राज्याचे भूषण झाली, याचा आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण नुसत्या अभिमानाने दंड भरत नाहीत. गणेशोत्सवात रांगोळी, पाककला, वक्तृत्व या स्पर्धा आपण हौसेने घेतो. त्यांच्या जोडीला सूर्यनमस्कार आणि मुला-मुलींचा कबड्डीचा एक सामना ठेवायला फार खर्च येणार नाही. बुद्धीच्या देवतेपुढे बळाचीही उपासना व्हावी. वैद्य बंधूंनी लावलेल्या रोपाला आपल्या अंगणातून घातलेले ते चार ओंजळी पाणी ठरेल.